दुसरी बाटली

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माशांच्या काचपेट्यांच्या मधल्या वाटांत माणसं दाटीवाटीने उभी होती आणि सगळ्यांचे डोळे एका परीक्षानळीवर खिळले होते. नळीतलं पाणी हिरवंगार.

"हे विष!" दुकानदार गरजला. लोक त्याला जलगुरू म्हणत आणि तोही नाही म्हणत नसे. "नव्या टाकीतला अमोनिया! पुस्तकी पंडित म्हणतात, महिना-दीड महिना थांबा. अरे, मासा काय मुहूर्त बघून पोहतो?"

हशा पिकला. त्याने टाकीत 'संजीवन-जला'चे चार थेंब सोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला, नळी पुन्हा भरली आणि दोन बाटल्यांतलं औषध घालून हलवली. पाणी पिवळंधमक! विष गेलं, टाकी तयार. टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या वाजवणाऱ्यांत ताईही होती, याचंच नवल. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची वीस वर्षं गेली होती. रोज सकाळी पहिल्या रोग्याच्या रक्ताआधी ती एक असा नमुना तपासायची, ज्याचं उत्तर तिला आधीच ठाऊक असे. ते बरोबर आलं तरच पुढचं काम. पण गरजवंताला अक्कल नसते.

घरी तिचे वडील, अण्णा, अंथरुणाला खिळले होते. त्यांची उभी हयात जहाजाच्या तळाशी, इंजिनाच्या खोलीत गेली. "समुद्रावर जन्म काढला पोरी, पण बघितलं ते नुसतं तेल आणि वाफ. एकदा समुद्रातला मासा पोहताना बघायचाय गं." डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार तर महिना. म्हणून तिने त्यांच्या पलंगाशी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती.

संजीवन-जल आलं, जलगुरूकडच्याच तपासणीच्या दोन बाटल्या आल्या. नळी पिवळी झाली. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी पाण्यात सुटली आणि अण्णा दिवसभर लहान मुलासारखे हसत राहिले.

तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकू लागले. नळी मात्र पिवळीच. संध्याकाळपर्यंत दोन्ही मेले.

"श्रद्धा कमी पडली," जलगुरू म्हणाला. "थेंब दुप्पट करा, दुसरी जोडी न्या."

नवव्या दिवशी दुसरी जोडीही उलटी तरंगत होती. अण्णा तिकडे बघत म्हणाले, "माझ्याच खोलीतली हवा वाईट असेल गं. माझ्यामुळे मेले बिचारे."

 ताईने प्रयोगशाळेतून अमोनिया आणला, नाकाला झोंबेल इतका पाण्यात मिसळला आणि जलगुरूच्या बाटल्यांनी तपासला. पिवळा! मग प्रयोगशाळेतलं खरं औषध दुसऱ्या बाटलीऐवजी वापरलं. पाणी गर्द हिरवं झालं. जलगुरूच्या दुसऱ्या बाटलीत नुसतं पाणी होतं. दोन्ही औषधं एकत्र आल्याशिवाय हिरवा रंग येतच नाही.

त्याच दुपारी तिने भर दुकानात अमोनियाचं पाणी त्याच्यासमोर ठेवलं. "यात संजीवन-जल टाकू नका. नुसतं तपासा. आधी मंत्रापूर्वी वापरता त्या दुसऱ्या बाटलीने, मग मंत्रानंतरच्या."

"गुरूची परीक्षा घेता?"

"गुरूची नाही हो, बाटलीची."

तो हात मागे घेऊ लागला, तसं लोकांनीच काउंटरखालून दुसऱ्या औषधाच्या दोन हुबेहूब बाटल्या काढल्या. एकीने हिरवं, दुसरीने पिवळं. कोणी टाळी वाजवली नाही.

गर्दीतला एक म्हातारा घड्याळजी जवळ आला. "बाई, विष खाणारे जिवाणू असतात. त्यांना वाढायला वेळ लागतो. घाईच असेल तर माझ्या खाऱ्या पाण्याच्या जुन्या टाकीच्या फिल्टरचा स्पंज न्या, त्यात ते भरलेले आहेत. पंधरवड्यात होईल."

ताईने घरी येऊन आधी अण्णांना सांगितलं, "मासे तुमच्यामुळे मेले नाहीत. मी फसले." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मग बरं झालं," एवढंच म्हणाले.

तिने स्पंज टाकीत बसवला. त्यानंतर ते रोज रिकाम्या टाकीकडे बघत पडून राहायचे. नवव्या दिवशी गेले.

पंधराव्या दिवशी ताईने ठरल्याप्रमाणे मासे सोडले. समाचाराला आलेली शेजारीण म्हणाली, "किती गोड आहेत. अण्णांनी बघायला हवे होते."

"हो," ताई म्हणाली. "म्हणून सगळ्यांना सांगते, चमत्कार फार हवासा वाटेल ना, त्याच दिवशी आधी तपासून बघा. दुसऱ्या कुणाच्या बाटलीने. मला सहा दिवस कमी पडले. त्या माणसाने माझे नऊ खाल्ले होते."