रिमोटचा पंचनामा

महसूल खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसासमोर एखादी वस्तू बिघडली, तर तो आधी वस्तूकडं बघत नाही, कागद शोधतो. मीही तेच केलं. गुरुवारी सकाळी दहा वाजता कोरा कागद घेतला, वर ‘पंचनामा’ लिहून खाली दुहेरी रेघ मारली आणि टीव्हीसमोर खुर्ची ओढली.

प्रकरण असं होतं. आमचा उत्कर्ष पुण्याला नोकरीला असतो. दोन महिन्यांपूर्वी आला तेव्हा त्यानं टीव्हीखाली एक साउंडबार बसवून दिला. लांबुळका काळा ठोकळा, त्यावर बटण एकच, चालू-बंदचं. टीव्हीचा सगळा आवाज आता त्यातूनच येतो. त्याच्याशेजारी केबलचा सेट-टॉप बॉक्स. रोज टीव्ही माझी बायको वनमालाच लावते, मी आपला पेपर वाचता वाचता बातम्या ऐकतो. पण तो दिवस खास होता, म्हणून टीव्हीची जबाबदारी मी स्वतःकडं घेतली. टेबलावरची प्लास्टिकची फुलं, दोन हत्ती आणि बॉक्सवरचा वनमालानं भरलेला पोपटांचा जाड रुमाल, सगळं उतरवून स्वच्छ पुसून घेतलं. मग बारचा आणि बॉक्सचा असे दोन्ही रिमोट हातात घेतले, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

बारच्या रिमोटनं आवाज वाढवला की बॉक्स चॅनेल बदलायचा. बॉक्सच्या रिमोटनं चॅनेल मागं आणलं की बार आवाज कमी करायचा. नंबर दाबून चॅनेल लावायला जावं, तर बार पार मुका. एकाला हाक मारावी आणि दोघांनी ओ द्यावी, असा कारभार.

एरवी मी हे प्रकरण महिनाभर चौकशीवर ठेवलं असतं. पण त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आमच्या लोहाऱ्यातल्या केबलच्या चॅनेलवर वनमाला येणार होती. हुलग्याचे शेंगोळे करून दाखवणार होती, पंधरा मिनिटं. हे चॅनेल केबलवाल्याचं घरगुती, एकदा दाखवलं की संपलं. चित्रीकरण आमच्याच स्वयंपाकघरात झालं होतं, पण मी मध्ये मध्ये बोलतो म्हणून मला गच्चीवर पाठवलं होतं. मुलाखत घेणारी मंजुषा जाताना माझ्याकडं बघून हसली, आणि जिना उतरताना परत हसली. मी वनमालाला खोदून खोदून विचारलं, “काय सांगितलंस तिला?” तिचं एकच उत्तर, “टीव्हीवर बघा.” तेव्हापासून मी या गुरुवारची वाट बघत होतो.

“अहो,” वनमाला स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, “त्यो बॉक्सवरचा रुमाल—”

“रुमालाला हात लावू नकोस. मुद्देमाल आहे.”

“पण मी काय म्हणते, त्यो रुमाल—”

“वनमाला, चौकशी चालू आहे.”

ती आत गेली. मी टीव्हीचा स्वतःचा रिमोट धरून तिन्ही रिमोटांवर कागद चिकटवून अ, ब, क अशी अक्षरं टाकली; ‘ब’ म्हणजे बारचा. कोणतं बटण किती वाजता दाबलं आणि काय झालं, ते ओळीनं लिहिलं. बारा वाजेपर्यंत दोन पानं भरली आणि आम्ही कृषी चॅनेलवर कळंबच्या तुरीचा भाव बघत होतो.

उत्कर्षला फोन केला. “बाबा, दोघांचे सिग्नल मिसळायलेत. मी मीटिंगमध्ये आहे. तुम्ही आईला विचारा की, रोज तीच लावते.”

“तिला मी भाजी कोणती आणू ते विचारतो रे. हे तांत्रिक आहे,” असं म्हणून मी फोन ठेवला. आज हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

दुपारी मी बॉक्स उचलून खिडकीत नेला, वायर पुरेना म्हणून परत आणला. रिमोटचे सेल काढून उन्हात ठेवले. टेबलाच्या पायाखाली लाकडी ठोकळे घातले. वनमाला एकदा पाणी घेऊन आली, म्हणाली, “आधी चॅनेल लावायचं आणि मग—” तेवढ्यात मला एक नवी कल्पना सुचली आणि मी उठून स्क्रू-ड्रायव्हर शोधायला गेलो.

साडेचारला शेजारच्या कमलबाई आल्या. मी कागद पुढं केला.

“कमलबाई, पंच म्हणून इथं सही करा. रिमोट ‘ब’ दाबल्यावर चॅनेल बदललं, हे तुम्ही समक्ष पाहिलं.”

“मी तर आत्ता चपला काढायलेय, भाऊजी!”

पाचला दहा मिनिटं कमी असताना मी तडजोड केली. एकेक घर मागं येत केबलचं चॅनेल लावलं. आवाज खाली खाली जात तीनवर येऊन थांबला. आता काही झालं तरी कुठल्याही रिमोटला हात लावायचा नाही, असा मी हुकूम काढला.

वनमाला येऊन बसली. टीव्हीत नेसली होती तीच जांभळी साडी तिनं मुद्दाम नेसली होती. कार्यक्रम सुरू झाला. पडद्यावरची वनमाला पिठाला हात लावत होती, लसूण दाखवत होती, तळहातावर पीठ वळून वेटोळं घालत होती. आवाज मात्र डास गुणगुणावा तेवढा.

“काहीच ऐकू येईना की हो,” ती म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज रडवेला झाला होता. “मला माझं बोलणं ऐकायचं होतं.”

मला राहवलं नाही. ‘ब’ दाबला. आवाज एकानं वाढला आणि पडद्यावर दोन पैलवान एकमेकांना भिडले. कमलबाई म्हणाल्या, “अगं बाई!” मी घाईघाईनं परत आलो, तर आवाज पुन्हा तीन. असं चार वेळा झालं. दहा मिनिटं गेली.

तेवढ्यात पडद्यावर मंजुषानं काहीतरी विचारलं आणि दाराकडं, म्हणजे त्या वेळी मी ज्या गच्चीवर होतो तिकडं, बोट दाखवलं. मी खुर्चीवरून थेट गुडघ्यावर आलो आणि त्या काळ्या ठोकळ्याला कान लावला.

“आमचे हे?” आतून वनमाला बोलत होती. “सगळं करतात. भाजी निवडतात, गिरणीतून दळण आणतात. माणूस लई चांगलाय. फक्त ऐकत न्हाईत. माझं वाक्य निम्मं झालं की उठून जातात. पस्तीस वर्षांत एक वाक्य पुरं झालं असंल तर शपथ!”

मंजुषा हसली. मी ठोकळ्याला कान लावून, गुडघ्यावर बसून, खऱ्या वनमालाकडं बघितलं. ती हसत नव्हती. मला मनापासून लाज वाटली.

“रुमालाचं काय म्हणत होतीस?” मी विचारलं.

“आता बोलू?”

“बोल. सगळं बोल.”

“त्यो रुमाल बॉक्सच्या तोंडावर सोडला की त्याला बारचा रिमोट दिसत न्हाय. चॅनेल आधी लावायचं, मग रुमाल खाली सोडायचा, मग आवाज वाढवायचा. दोन महिने मी हेच करायलेय.”

मी मुद्देमालातून रुमाल आणला आणि पोपट खाली तोंड करून बॉक्सवर सोडले. ‘ब’ दाबला. चार, सात, बारा, वीस. चॅनेल हललं नाही. घरभर वनमालाचा आवाज झाला, “आणि वरून कच्चं तेल घ्या, गरम गरमच वाढा.” तेवढं एकच वाक्य मिळालं. मग जाहिराती लागल्या.

“आवाज लई गोड येतो गं तुझा,” कमलबाई म्हणाल्या.

मी पंचनाम्याची पानं घडी करून टेबलाच्या पायाखाली सरकवली आणि वनमालाच्या शेजारी बसलो. ती पडद्याकडं बघत म्हणाली, “उद्या त्या केबलवाल्याला जाऊन म्हणावं, की—”

आणि थांबली. मी जिथं नेहमी बोलतो, बरोबर तिथं. मी तोंड मिटून बसलो. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. पुढचं वाक्य सापडायला तिला जरा वेळ लागला. तिथपर्यंत ती कधी गेलीच नव्हती.

“—की परत एकदा दाखवा,” ती म्हणाली. “आमच्या ह्यांना पहिल्यापासून ऐकायचंय.”