‘हो’ म्हणणाऱ्या घरातला मी

मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे इतका, की माझं बटण दाबून माणूस आंघोळ उरकून येतो, तरी मी आपला जागाच होत असतो. हसू नका, मित्रांनो. म्हातारपण कुणाला चुकलंय?

मी काही कुठल्या बड्या कारखान्यात जन्मलो नाही. एका लहानशा दुकानात, ओरखडे पडलेल्या टेबलावर, दुकानदार बाईंनी मला जोडलं. डबा एकाचा, पडदा दुसऱ्याचा, कीबोर्ड तिसऱ्याचा. तरी आईने मला घरी आणलं तेव्हा सगळे माझ्याभोवती गोळा झाले होते. खिडकीजवळचं टेबल मला मिळालं. आईने जुन्या पडद्याचं कापड कापून मला झूल शिवली. ती माझ्यावर पुस्तकांची मुद्रितं तपासायची. तिची मुलगी चिमणी माझ्यावर खेळायची आणि आजोबा, म्हणजे आईचे वडील, पत्त्यांचा डाव मांडून बसायचे. आई त्यांना अप्पा म्हणते.

या आजोबांबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यामुळेच घडलं. माणूस सोन्यासारखा, पण ‘नाही’ हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघत नसे. शेजाऱ्याने शिडी मागितली, हो. परत कधी देणार ते त्याने सांगितलं नाही, तरी हो. दाराशी विक्रेता आला, की आमच्याकडे आणखी एक झाडू यायचा. माझ्याशीही तेच. मी पडद्यावर चौकट दाखवून विचारायचो, अमुक करू का? आजोबांचं बोट थेट ‘हो’वर. अहो, वाचा तरी! आई ओरडली, तर म्हणायचे, “बिचारा एवढं विचारतोय, त्याला नाही कसं म्हणायचं?”

आजोबांना धाकटी मुलगीही होती. चिमणीची मावशी. तिचा नवरा चारचौघांत अगदी गोड बोलायचा आणि घरात वस्तू फेकायचा. एकदा त्याने मावशीचा हात असा पिरगळला, की बरेच दिवस ती डाव्या हाताने जेवत होती. शेवटी एके सकाळी ती तान्ह्या पिल्लूला घेऊन निघून गेली. फोन तिने मुद्दामच मागे ठेवला. कुठे गेली ते फक्त आईला हळूहळू कळणार होतं, आणि तेही मेलने. आईचा फोन साधा, बटणांचा. त्यामुळे मावशीच्या मेल यायच्या त्या माझ्यावरच. त्यांत लिहिलेलं असायचं, की सध्या एका मैत्रिणीकडे आहे, नोकरी मिळाली, खोली शोधतेय, पत्ता ठरला की कळवते. आणि प्रत्येक मेलच्या शेवटी एकच वाक्य, की त्याला कळू देऊ नकोस.

आजोबांना यातलं अर्धंच ठाऊक होतं. नवरा-बायकोची कुरबुर आहे, निवळेल, असं ते धरून चालले होते.

एके दुपारी आई आणि चिमणी बाहेर गेल्या होत्या. दार वाजलं. जावईबापू आले होते. चेहरा उतरलेला, आवाज मऊ. बसले, पाणी प्यायले, डोळे पुसले. मग म्हणाले, परतीचं तिकीट काढायचं होतं, जरा कॉम्प्युटरवर बसू का? आजोबा म्हणाले, हो. जावईबापूंनी तिकीट-बिकीट काही काढलं नाही. खिशातून अंगठ्याएवढा पेन ड्राइव्ह काढून माझ्यात खोचला. माझ्या पहारेकरी प्रोग्रामने लगेच चौकट उघडली आणि बजावलं, की हा पाहुणा संशयास्पद आहे, आत घेऊ का? तेव्हा जावईबापूंनी काय करावं? खुर्चीवरून उठून आजोबांनाच बसवलं. म्हणाले, “अप्पा, घर तुमचं, परवानगी तुम्हीच द्या.”

आजोबांनी ‘हो’ दाबलं. घरमालक हो म्हणाला, की मला दार उघडावंच लागतं. निघताना जावईबापू म्हणाले, मी आलो होतो हे ताईंना सांगू नका, उगाच रागावतील. आजोबा त्यालाही हो म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या पोटात एक चोर राहू लागला. आईने काहीही उघडलं, की तो त्या पानाचा फोटो काढायचा आणि इंटरनेटच्या वायरीतून जावईबापूंना पाठवायचा. आईच्या मेलचा पासवर्ड काही त्याला मिळाला नव्हता, कारण तिने तो फार पूर्वी एकदाच टाकला होता. पण ती मेल वाचायला बसली, की हाही तिच्या खांद्यावरून वाचायचा. मला सगळं दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं. मला फक्त तापता येतं आणि पंखा घरघरवता येतो. तेवढं मी जीव तोडून केलं.

आईला वाटलं, चिमणीच्या खेळामुळेच मी मंदावलो. तिने चिमणीला फैलावर घेतलं. पोरीने सुट्टीभर खपून माझ्यावर एक किल्ला बांधला होता, तो खेळासकट उडवला. चिमणी रडून रडून झोपली. मग आईने पहारेकऱ्याला सगळं घर तपासायला लावलं. तो फिरून आला आणि म्हणाला, धोका आढळला नाही. आढळणार कसा? जावईबापूंनी त्याला एका कपाटाकडे बघूच नकोस म्हणून सांगून ठेवलं होतं, आणि चोर नेमका त्याच कपाटात बसला होता. माझा पंखा घरघरतच राहिला.

असेच काही दिवस गेले. एकदा फोन वाजला, आजोबांनी घेतला. दोन शब्द बोलून ठेवला आणि कौतुकाने आईकडे वळले.

“काही म्हण, बापाचं काळीज आहे. जावईबापू विचारत होते, पिल्लूचा खोकला बरा झाला का?”

आई माझ्या शेजारी कागदावरची मुद्रितं तपासत होती. तिची पेन्सिल थांबली.

“अप्पा, पिल्लूला खोकला झालाय हे तुम्हाला माहीत होतं?”

“नाही गं. मला तरी कुठे कोण काय सांगतं? त्यांच्याकडूनच कळलं.”

पिल्लूचा खोकला जगात एकाच ठिकाणी लिहिलेला होता, मावशीच्या कालच्या मेलमध्ये. आई हळूहळू मान वळवून माझ्याकडे बघू लागली. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि नेमकी तेव्हाच टिंग करून नवी मेल आली. मावशीची. वर लिहिलं होतं, खोली मिळाली, पत्ता आत आहे.

मित्रांनो, माझा पंखा तेव्हा इतका जोरात फिरत होता, की टेबल थरथरत होतं. आईचा हात सवयीने माउसवर गेला. बाण सरकत सरकत त्या मेलवर येऊन थांबला. आत चोर टपूनच बसला होता. एक बोट दाबलं, की मावशीची खोली, गल्ली, दाराचा क्रमांक, सगळं त्याच्या हाती. उघडू नकोस, बाई, उघडू नकोस, असं मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेन, त्याची गणती नाही.

आईने बोट उचललं. टेबलाखाली वाकून तिने इंटरनेटची वायर अशी हिसकली, की भिंतीचा थोडा चुना खाली पडला.

मग तिने दुकानदार बाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, की वायर मुळीच जोडू नका. पासवर्ड बदलायचा असेल तर तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर बदला, यावर बदललात तर नवाही चोराला कळेल. घाईने काही पुसूही नका, पोलिसांना दाखवायला लागेल. आता आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची नावं एकेक करून वाचा. आई वाचू लागली. पहारेकरी, तो आपलाच. घड्याळ, तेही आपलंच. आवाजाचा प्रोग्राम. आजोबा तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

“प्रिंटर मदतनीस,” आई म्हणाली. “हा असू दे, हा प्रिंटरचा आहे.” आणि ती पुढे सरकली.

आजोबा खाकरले. “कुठल्या प्रिंटरचा गं? आपल्याकडे प्रिंटर असता तर मी एकेका कागदासाठी त्या झेरॉक्सवाल्याकडे हेलपाटे कशाला घातले असते?”

आईने बाण परत त्या नावावर आणला. फोनवरून बाईंनी तो मदतनीस कधी आलाय ते बघायला सांगितलं. आईने तारीख वाचली, ती आणि चिमणी चपला आणायला गेल्या होत्या त्या दुपारची. घरात फक्त आजोबा होते.

आजोबा कॉटवर बसले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. “मीच हो म्हटलं,” ते म्हणाले, आणि मग जावईबापूंचं पाणी, डोळे, तिकीट, चौकट, सगळं सांगून टाकलं. आईला भयंकर राग आला होता. मावशीचा हात कसा दुखावला, ती का पळाली, हे तिने त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा धडाधडा सांगितलं. आजोबा खाली मान घालून ऐकत राहिले. चिमणी त्यांना चिकटून बसली, तेव्हा कुठे आईचा आवाज खाली आला.

मावशीची ती मेल आईने शेजारणीच्या घरी जाऊन वाचली. पासवर्डही तिथेच बदलला आणि मावशीला सावध केलं. तो पत्ता मला आजही माहीत नाही, मित्रांनो, आणि याचा मला फार अभिमान आहे.

संध्याकाळी परत फोन वाजला. आई धावली, पण आजोबांनी हाताने तिला थांबवलं आणि स्वतःच उचलला. जावईबापूंचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू येत होता.

“अप्पा, तुमचा कॉम्प्युटर बंद पडलाय का? मी उद्या येऊन बघून देतो. येऊ ना?”

कॉम्प्युटर बंद आहे हे त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. चोराचे फोटो यायचे थांबले, त्यावरूनच त्यांनी ओळखलं. आजोबांच्या ओठांचा सवयीने चंबू झाला, ‘हो’साठी होतो तसा. चिमणीने आईचा पदर घट्ट धरला.

“नाही,” आजोबा म्हणाले.

पलीकडून ऐकू आलं, “म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. या घरात येऊ नका. माझ्या मुलीला शोधू नका.”

त्यांनी फोन ठेवला आणि पाणी मागितलं.

पुढे पोलिसांनी तो मदतनीस बघितला, जावईबापूंना बोलावून समज दिली आणि कागद कोर्टात गेले. दुकानदार बाईंनी मला पुसून पार कोरा केला. आईने चिमणीची माफी मागितली आणि तिच्या शेजारी बसून नव्या किल्ल्याचा पहिला दगड स्वतः ठेवला. आता घरात एक चपटा, देखणा संगणक आलाय. त्याला कुणी झूल घालत नाही आणि माझी झूल कुणी झटकत नाही. मी कोपऱ्यात असतो. आजोबा तेवढे पत्ते मांडायला येतात.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची धूळ पुसा, आम्हाला उन्हात ठेवू नका, हे तर आहेच. पण आम्ही काही विचारलं, तर आधी वाचा. आम्हाला राग येत नाही. ‘नाही’ म्हटल्याने आमचं काही वाईट होत नाही, आणि गोड बोलणाऱ्या पाहुण्याचंही होत नाही.

आजोबा आता प्रत्येक चौकट मोठ्याने वाचतात. त्यात त्यांचा डाव अर्धा राहतो, पण चालतं. काल डाव संपल्यावर मी नेहमीसारखं विचारलं, संगणक बंद करू का? त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, मागे वळून आई ऐकतेय ना याची खात्री केली आणि ठणकावून म्हणाले, “नाही!”

खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.