नामाजीचं नाव

डोंगरकडा गावच्या बाजारात त्या दिवशी भाजी कमी आणि माणसं जास्त, कारण यशोदाबाई नवऱ्याचा खुनी पकडणार होती. खरा नवरा नामाजी गर्दीत शेळ्यांची दावी धरून धडधाकट उभा होता. मेला होता तो सिनेमातला. एका गाजलेल्या कादंबरीवरचा हा सिनेमा. मेंढपाळाचा खून होतो, पोलीस हात झटकतात आणि त्याची बायकोच माग काढत खुन्यापर्यंत पोचते. दिग्दर्शिका दिपालीला त्यासाठी नटी नको होती, कळपामागं चालणारी बाई हवी होती. आणि यशोदाबाईनं असं काम केलं, की कॅमेरेवाल्यांनी तोंडात बोटं घातली!

पण शेवटच्या सीनला गाडी अडली. खुनी विचारतो, "मी कोणाला मारलं? नाव घे!" त्यावर यशोदाबाईनं म्हणायचं, "नामाजीला!" कादंबरीतल्या मेलेल्याचंही नाव नेमकं तेच. तिला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, पण काम हातचं जाईल म्हणून ती गप्प बसली होती. नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलंच नव्हतं. लग्नात उखाण्याची गळ पडली तेव्हासुद्धा ती पळून गेली होती.

"मालकाला!" ती म्हणाली. मग, "शिवहारच्या बापाला!" बाजार खदाखदा हसला.

"मावशी, नाव घ्या ना," दिपाली काकुळतीला आली.

"कसं घेऊ बाई? आन् तेबी मेला म्हणून?"

"बाजार उठत चाललाय. नाव घेत नसाल, तर मग इन्स्पेक्टरच खुन्याला पकडेल. तुम्ही बाजूला उभ्या राहा."

इन्स्पेक्टर झालेला नट लगेच टोपी सारखी करू लागला. ते पाहून यशोदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काहून? रानोमाळ मी हिंडले, खुनी मी हुडकला, आन् धरणार ह्यो? लावा तुमचा कॅमेरा!"

कॅमेरा सुरू झाला. खुनी छद्मी हसला. यशोदाबाईनं त्याची कॉलरच धरली.

"नामाजीला! माझ्या नामाजीला मारलंस तू!"

तेवढ्यात शेळ्यांमधून खणखणीत आवाज आला, "ओ!"

मेलेल्यानंच ओ दिली म्हटल्यावर काय विचारता! खुनीसुद्धा पोट धरून खाली बसला. यशोदाबाईनं लाजेनं पदरात तोंड लपवलं.

"परत घ्यावं लागेल," दिपाली हसू आवरत म्हणाली. "नामाजीमामा, तुम्ही जरा लांब जाऊन बसा."

"म्या न्हाई जात," नामाजी म्हणाला. "जलमात पयल्यांदा नाव घेतलं तिनं. तोंड दाबून धरतो, पर ऐकू द्या."

यशोदाबाईनं पदर बाजूला केला, नामाजीकडं एकदा नीट पाहिलं आणि खुन्याची कॉलर पुन्हा धरली. या खेपेला तिनं असं नाव घेतलं, की पार रस्त्यावरच्या जीपवाल्यांनी माना वळवल्या. नामाजीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुटलेल्या शेळ्या समोरच्या कोथिंबिरीवर तुटून पडल्या होत्या आणि त्याला त्याचं भानसुद्धा नव्हतं.