माशांचा लंगोट

“अहो, इकडे या ना. बोट घालून बघा आत, किती मऊ आहे!”

हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. तिरुचीच्या एका दुकानात काचेच्या पेटीवर मी उताणा पडलो होतो, आणि एक बाई माझ्या आतल्या कापडावरून बोट फिरवत नवऱ्याला बोलावत होती.

“कावेरीकाठचं लेकरू,” नवरा हसून म्हणाला, “त्याला पोहायला लंगोट लागतो?”

“कावेरीकाठचं आहे म्हणून तर पोहेल!”

मित्रांनो, मी एक जुना लंगोट आहे. घरात नेसायचा नव्हे, पाण्यात उतरायचा. पिवळ्या अंगावर निळे मासे. तिरुप्पूरच्या एका शिलाईघरात माझा जन्म झाला. बाहेरून पाणी न धरणारं कापड, आतून मऊ जाळी, कमरेला आणि मांड्यांना रबर, पुढे बटणांच्या ओळी. लेकरू वाढेल तसं एकेक बटण सोडत जायचं, म्हणजे मीही त्याच्याबरोबर वाढतो. मी पाणी शोषत नाही, शूचंही मला काही करता येत नाही. पण लेकरानं पाण्यात मोठा पराक्रम केलाच, तर तो मी पोटाशी घट्ट धरतो आणि चारचौघांत कुणाची लाज जाऊ देत नाही. माझं काम एवढंच. मला त्याचा अभिमान आहे.

त्या बाईचं नाव लक्ष्मीप्रिया, नवऱ्याचं साईराम. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर. दुकानात तिनं माझं रबर ताणून सोडलं, शिवण उलटी करून पाहिली, बटण लावलं, काढलं. टक्. टक्. मग मला आपल्या पोटावर ठेवलं आणि म्हणाली, “हाच.”

घरी आलो त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून सासूबाईंचा, कृष्णवेणीअम्मांचा, आवाज आला. “ऐकलंस काय गे? लेंकरू हातीं येईपर्यंत घरीं एक टोपडंही आणायचं नाही. दृष्ट लागते.”

लक्ष्मीप्रियानं मला चटकन बिरोत ढकललं. बिरो म्हणजे लोखंडी कपाट. तिकडे सगळे तसंच म्हणतात. रेशमी साड्यांच्या खाली, वाळ्याच्या वासात, मी वाट पाहत पडलो.

ते बाळ आलं नाही. लक्ष्मीप्रिया इस्पितळातून रिकाम्या हातांनी परतली. घरात पुन्हा कुणी त्या बाळाचं नाव काढलं नाही. नाव ठेवलंच नव्हतं, तर काढणार कुठलं? कृष्णवेणीअम्मा सुनेच्या पानात तूप मात्र जास्त वाढू लागल्या.

आणि मी? मला वाटलं, माझ्याच शिवणीत काही खोट निघाली असेल. सणावाराला साड्या निघायच्या, पुन्हा यायच्या. मी तिथंच. कधीतरी लक्ष्मीप्रिया दार अर्धं उघडून हात आत घालायची आणि माझं एक बटण दाबायची. टक्. मग दार लागायचं. अंधारात कुणी आपलं दार हळूच वाजवून जावं ना, तसं वाटायचं मला. आपण वाट पाहतोय हे कुणाला तरी ठाऊक आहे, एवढ्यावर मी दिवस काढले.

मग धाकट्या जावेला, नित्याला, मुलगी झाली. अंबा. ही अंबा म्हणजे पाण्याची पोर! तांब्याचा आवाज आला की रांगत निघायची. पुढे नित्यानं तिला लहानग्यांच्या पोहण्याच्या वर्गात घातलं आणि पहिल्याच दिवशी ओल्या केसांनी, हसू की रडू अशा तोंडानं घरी आली.

“काय झालं गे?” अम्मांनी विचारलं.

“अम्मा, रोजचा वापरून फेकायचा डायपर घालून उतरवलं हिला. तो असा फुगला, असा फुगला... दह्यातला वडाच! मग फुटला. पांढरं पांढरं सगळीकडे. सरोजाटीचरनी सगळ्यांच्या लेकरांना बाहेर काढलं. म्हणाल्या, धुवून वापरायचा पोहण्याचा लंगोट आणा, नाहीतर बाळाला आणू नका.”

“ऐका! आम्ही काय लंगोट नेसून कावेरींत उतरलों? उघडं लेंकरू, उघडी नदी.”

“ती वाहती नदी, अम्मा. ही टाकी आहे. एकाचं पाणी ते सगळ्यांचं.”

“मग आण की नवा.”

“इथल्या दुकानांत नाही. मागवला तर येईपर्यंत वर्ग संपेल.”

लक्ष्मीप्रिया शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिचे हात थांबले. ती उठली. बिरोचं दार या वेळी पूर्ण उघडलं, आणि मित्रांनो, किती वर्षांनी मी उजेड पाहिला!

“माझ्याकडे आहे एक,” ती म्हणाली. “सेलमध्ये मिळाला होता.”

“अय्यो अक्का! लेकरांच्या वस्तूही सेलमध्ये घेऊन ठेवता तुम्ही? रबर गेलं असेल त्याचं.” नित्यानं मला ताणून पाहिलं. मी सगळा जीव एकवटून परत आखडलो.

“नाही गेलं,” लक्ष्मीप्रिया म्हणाली.

खरं का सांगितलं नाही, ते मला कळलं. जे बाळ राहिलं नाही त्याच्यासाठी मी आलो होतो, हे अम्मांना समजलं असतं तर त्यांनी मला अंबेच्या वाऱ्यालाही उभं केलं नसतं. मी उकिरड्यावर गेलो असतो. आणि त्या बाळाची म्हणून तिच्यापाशी माझ्याशिवाय दुसरी चिंधीसुद्धा नव्हती.

तिनंच मला अंबेला नेसवलं. कमरेशी दोन बोटं सरकवून पाहिली, मांडीशी फट नाही ना ते पाहिलं, रबराचा लाल वळ उठत नाही ना तेही. मग अंबेला घेऊन ती पाण्यात उतरली.

पाणी! काय सांगू तुम्हांला? माझ्या अंगावर जन्मापासून मासे होते, पण त्यांना पाणी त्या दिवशी मिळालं. अंबेनं पाय झाडले, मासे हलले. लक्ष्मीप्रिया हसली. दुकानात हसली होती तशी.

“बरोबर बसलाय की!” सरोजाटीचर म्हणाल्या. “असाच घट्ट हवा. कुणी निवडलाय?”

“मी,” लक्ष्मीप्रिया म्हणाली. एवढंच.

मला धुणं तिनं कधी दुसऱ्याकडे दिलं नाही. पाण्याबाहेर आल्याबरोबर साध्या पाण्यातून काढायची, पिळायची नाही, नुसतं दाबायची, सावलीत वाळवायची. एकदा नित्या मला ओल्या पिशवीतच विसरली. आंबलेल्या इडलीपिठासारखा वास मारू लागलो मी. त्या दिवशी लक्ष्मीप्रियाचा आवाज चढला.

“एवढं काय अक्का, लंगोटच तर आहे,” नित्या गोंधळून म्हणाली.

लक्ष्मीप्रियानं नळ मोठा सोडला. पाण्याच्या आवाजात बाकीचे आवाज बुडतात.

आडी महिन्यात, आषाढाच्या सुमारास, कावेरीला नवं पाणी आलं. सगळे चित्रान्नाच्या भाताचे डबे घेऊन तिरुवैयारूला घाटावर गेले. अंबेला पायरीवर बसवायची वेळ आली, तेव्हा कोण ओरडलं असेल? कृष्णवेणीअम्मा! “गे, तो माशांचा लंगोट कुठंय? त्याच्याशिवाय नको उतरवूं.”

“उघडी नदी ना, अम्मा?” नित्यानं चिमटा काढला.

“नदी उघडीच गे. घाटावरची माणसं मेलीं बघतात.”

मग दोन्ही हातांनी नातीला धरून अम्मांनी म्हटलं,

कावेरी माउली, पाणी हळूच हलव,
माझ्या अंबेचं गे सोन्याचं पाऊल भिजव.

लक्ष्मीप्रिया मागच्या पायरीवर उभी होती. ओठ हलत होते तिचेही, पण आवाज नव्हता.

मित्रांनो, माझ्यापाशी तक्रार नाही. आधी अंधार मिळाला, मग पाणी मिळालं, आणि दोन्हींत मला हात लावणारं माणूस एकच होतं. माझं रबर आता थोडं सैल आहे, एक मासा पुसट झालाय. तुम्हांला एवढंच सांगेन, आपल्या वस्तू धुवा, वाळवा, जपा. एकाला आखूड झालेली वस्तू फेकण्याआधी पुढचं लेकरू आठवा, आणि ती कुणी कुणासाठी निवडली होती तेही एकदा विचारा.

आज सकाळचीच गोष्ट. अंबेला माझं शेवटचं बटणही लागेना. ओरत्तनाडूला अम्मांच्या भाचीकडे बाळ झालं आहे, आज त्याचं बारसं. आपल्याकडे रीत आहे, नव्या लेकराला आधी जुनं नेसवायचं, नीट वाढलेल्या लेकराचं. म्हणून अंबेची झबली, टोपडी यांचं गाठोडं झालं. लक्ष्मीप्रिया बांधत होती.

“तो लंगोट वर ठेव गे,” अम्मा म्हणाल्या. “त्यांना सांग, आमच्या अंबेचा आहे. तिच्यासारखंच होईल त्यांचं लेंकरू.”

गाठ बांधता बांधता लक्ष्मीप्रियाचे हात थांबले. गप्प राहिली असती, तर मी मानानं निघून गेलो असतो. कुणाला काही कळलं नसतं.

“अम्मा, तो आधी अंबेचा नव्हता.”

“मग?”

“माझ्या बाळासाठी घेतला होता. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी ठेवला. दुसऱ्यांच्या लेकराला देताना लपवायला नको वाटतं. तुम्हांला पटत नसेल तर ठेवून घेते मी.”

नित्याचा हात तोंडावर गेला. सेलची थट्टा तिला आठवली असावी.

कृष्णवेणीअम्मा खाली बसल्या. त्यांनी गाठोडं सोडलं आणि मला बाहेर काढलं. मी मनात म्हटलं, संपलं. पुन्हा बिरो, नाहीतर उकिरडा.

त्यांनी मला मांडीवर ठेवलं. पुसट माशावरून अंगठा फिरवला. एक बटण लावलं. टक्. मग नीट घडी करून मला सगळ्यांत वर ठेवलं, आणि लक्ष्मीप्रियाचा हात धरून त्या गाठीवर ठेवला.

“बांध गे,” त्या म्हणाल्या. “आणि त्यांना सांग, आमच्या घरच्या दोन लेंकरांचा आहे.”