धबधब्याचं रेलिंग

दोन इंची लोखंडी पाइप वीस फुटांचा येतो. कुणी कापला नाही तर वीस फुटांचाच राहतो.

भाताचं रोप पंचविसाव्या दिवशी उपटून लावायचं असतं. चाळिसाव्या दिवशी ते गुरांनी खायचं गवत असतं.

परळच्या खोलीत, पंख्याखाली, एकेचाळीस पुरुष मावतात.

गोदाचा डावा हात.

"निसर्गाचा आनंद घ्यावा. येथे कचरा टाकू नये. – खेरवळे ग्रामस्थ मंडळ, मुंबई."

अलोऱ्याच्या लवूकडे अठरा-एकोणीसचा पाना आहे. तो कुणाला देत नाही.

मालनला पोहता येत नाही.

*

खेरवळे चिपळूण तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. खालच्या वाडीत चौदा घरं. घरं पऱ्याच्या अलीकडे, भाताची शेतं पलीकडे. पऱ्या डोंगरातून येतो, वाडीपाशी दोन खडकांमधून निघतो आणि लगेच पन्नास फूट खाली पडतो. पलीकडचा खडक सासू, अलीकडचा सून. मधे आठ फूट.

दर ज्येष्ठात वाडीतल्या बायका किंजळीचे दोन वासे सुनेवरून सासूवर टाकत. वर चिव्याच्या काठ्या बांधत, धरायला काथ्याचा दोर. हा साकव. दिवाळीनंतर तो सोडवून वासे गोठ्याच्या माळ्यावर. हे बायकांनीच करायचं, कारण पुरुष मुंबईत. ते शिमग्याला येतात, पालखी नाचवायला. मे महिन्यात येतात, आंब्या-फणसाला. गणपतीत येतात आणि भजन आणि पत्ते यांच्या मधून कुणी पऱ्यापर्यंत पोचत नाही.

आषाढात कुणी येत नाही. आषाढात रजा मिळत नाही, आणि मिळाली तरी कोण येईल चिखलात वाकायला.

*

ठराव क्रमांक ४, मार्च २००१, परळ. गावाचा विकास व्हावा, पर्यटक यावेत, यासाठी सून नावाचा खडक सुरुंगाने सपाट करून तेथे प्रेक्षक-कट्टा, लोखंडी रेलिंग व सिमेंटची दोन बाके बांधावीत. सूचक: महिपत. अनुमोदक: गंगाराम. बाजूने एकेचाळीस, विरोधात कोणी नाही. चहापानानंतर सभा संपली.

गंगाराम मालनचा नवरा. महिपत तिचा धाकटा दीर, मंडळाचा अध्यक्ष.

शिमग्यात हाच ठराव गावच्या देवळात वाचून दाखवला. पुरुष सभामंडपात, बायका पायरीवर. मालन पायरीवरून म्हणाली, "खडक फोडलात तर साकव कशावर टाकायचा?"

महिपत हसला. "वहिनी, कट्टा होतोय चांगला सिमेंटचा. त्याच्यावरून टाका की फळी."

"फळी पोचंल का?"

"मी काल उडी मारून गेलो पलीकडं. पाणी घोट्याला नाही लागत."

सभामंडपातले पुरुष हसले. गंगारामही. पुढचा विषय पालखीला नवीन भोई हा होता.

*

एप्रिलमध्ये सुरुंग. सून गेली. सासू राहिली.

कट्टा देखणा झाला. दोन बाकं, तीन बाजूंनी रेलिंग, निळा रंग. आठ फुटांचे झाले अठरा फूट. हे कुणी मोजलं नाही, कारण मे महिन्यात मोजायला तिथं पाणीच नव्हतं. मुलं खालच्या दगडांवरून पळत इकडून तिकडे जात होती. महिपतने बाकावर बसून फोटो काढून घेतला आणि बारा जूनच्या आत सगळे मुंबईला गेले.

अठरा फुटांचा वासा म्हणजे अख्खं झाड. ते तोडू कोण देणार, आणि उचलणार कोण. चौदा घरांत तेव्हा तीन पुरुष होते: एक आंधळा, एक लकवा झालेला, एक पोस्टमन.

*

जुलै. पाऊस आठ दिवस उघडला नाही. रोप पलीकडे वाफ्यात, चोवीस दिवसांचं.

पहिले चार दिवस बायका खालच्या पुलावरून गेल्या. जायला अकरा किलोमीटर, यायला अकरा. मधे दिवसभर ओणवं राहायचं आणि परत येऊन म्हशी पिळायच्या. चार दिवसांत एक कुणगा, शेताचा एक तुकडा, लावून झाला. एकंदर कुणगे बावीस.

मालन एसटीच्या थांब्यावरच्या दुकानातून फोन करायला गेली. दुकानदाराने मीटर लावलं आणि पोत्यावर बसून ऐकत राहिला.

"भावोजी, मालन बोलतेय."

"बोला वहिनी. पाऊस कसा आहे?"

"पाऊस हाय. साकव नाय. पलीकडं जायला येत नाय कुणाला."

"कट्ट्यावरून फळी…"

"अठरा फूट हाय ते. अठरा फुटांची फळी तुमच्या परळात मिळते काय? मिळत असंल तर पाठवा एसटीनं."

"असं कसं अठरा? मी स्वतः उडी मारली."

"शिमग्यात मारलीत."

"अहो वहिनी, आता ह्या पावसात जायचंच कशाला पलीकडं? जरा ओसरू द्या."

मालनने मीटरकडे बघितलं. मीटर चालू होतं.

"लावणी काय शिमग्यात करतात, भावोजी?"

तिकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज. मग महिपत म्हणाला, "रविवारी मीटिंग आहे. विषय घेतो."

"घ्या. चहापण घ्या."

*

रविवारपर्यंत गोदा थांबली नाही. गोदा विधवा, घरात एकटी, तिचा वाफा सगळ्यात आधी पेरलेला. शनिवारी दुपारी ती कट्ट्याच्या वरच्या अंगाने काठी टेकत पाण्यात उतरली. मालन बाकाजवळ उभी राहून नको नको म्हणत होती. तिसऱ्या पावलाला काठी गेली, मग गोदा. पाण्याने तिला तिरकं नेऊन सासूच्या अंगावर आपटलं आणि तिथेच दाबून धरलं. दोन हात पुढे धबधबा होता.

मालनने लुगडं सोडलं, एक टोक रेलिंगला बांधलं, दुसरं टोक भिरकावलं. चौथ्यांदा ते गोदाच्या उजव्या हातात आलं. डावा मनगटाच्या वर मोडला होता, पंजा भलतीकडेच बघत होता.

वर ओढून घेतल्यावर गोदा सिमेंटच्या बाकावर बसली. त्या बाकावर पावसाळ्यात बसलेलं ते पहिलं माणूस. ती हाताबद्दल बोललीच नाही. म्हणाली, "रोप जून झालं माझं, मालने."

मालन परकराने उभी होती. लुगड्याची गाठ ओली झाल्याने सुटेना. गाठ सोडवता सोडवता तिने रेलिंग नीट बघितलं. जाड पाइप, एकाखाली एक तीन. लांबच लांब. खांबाला नट-बोल्टांनी बसवलेले.

*

लवू वेल्डर. अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या कॉलनीबाहेर त्याची टपरी. रविवारी मालन तिथे पोचली.

"ते रेलिंग तूच बसवलंस ना रे?"

"मीच. का, हलतंय?"

"हलत नाय. म्हणून आले. कापलेस का पाइप?"

"कापायचे कशाला, बरोब्बर वीस फुटांचे बसले. वीज नव्हती तिथं, म्हणून वेल्डिंग नाय केलं. बोल्ट मारले."

"पाना दे."

लवूने हात पुसले. "मी पाना देत नाय कुणाला."

मालनने गोदाचं सांगितलं. फार नाही, तीन-चार वाक्यांत. लवूने ऐकताना एकदा टपरीच्या पत्र्यावरच्या पावसाकडे बघितलं. मग पाना वर्तमानपत्रात गुंडाळला.

"खालचा पाइप आधी काढा. वरचा आधी काढलात तर डोक्यात बसंल. आणि तेल लावून परत द्या, गंजतो."

*

सोमवारी सकाळी सहा वाजता वाडीतली काशी पलीकडची टोकं धरायला निघाली. अकरा किलोमीटर वळसा घालून पावणेनऊला सासूवर येऊन उभी राहिली. तोवर इकडे नऊ बायकांनी नऊ पाइप सोडवले होते. मालनने दोराला नारळ बांधून फेकला. काशीने झेलला. दोराने एकेक पाइप पलीकडे ओढला. अलीकडची टोकं काठालगतच्या बाकाखाली घातली. ते बाक आठ माणसांना हललं नसतं. वर चिव्याच्या काठ्या, बाजूला काथ्याचा दोर.

काम संपत आलं तेव्हा एक जीप आली. पुण्याची. चौघं उतरली. एकजण कट्ट्याच्या टोकापर्यंत येऊन मागे झाला.

"मावशी, इथं रेलिंग नाही का? बोर्डवर तर लिहिलंय निसर्गाचा आनंद घ्यावा. किती धोकादायक आहे हे."

"व्हय," मालन म्हणाली. "घोट्याला पाणी नसतं तेव्हा या."

एकीने त्यांचा फोटो काढला. नऊ बायका, निळे पाइप, मागे धबधबा. मग त्यांनी मक्याची कणसं कुठे मिळतील ते विचारलं.

*

दुकानदाराने मुंबईला फोन केला होता. मीटर न लावता.

महिपत शुक्रवारी आला. छत्री, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, प्लास्टिकच्या पिशवीत मंडळाचं लेटरपॅड. पलीकडे बायका ओणव्या होत्या, सोळावा कुणगा चालू होता. त्याने कट्ट्यावरून हाका मारल्या. धबधब्याच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही. हातवारे केले. काशीने मान वर केली, बघितलं, परत खाली घातली.

शिव्या द्यायला पलीकडे जाणं भाग होतं. महिपतने चपला काढल्या. साकवावर पाऊल ठेवलं, मग दुसरं. मधोमध आल्यावर खाली नजर गेली. तांबडं पाणी, आणि पुढे एकदम काहीच नाही. त्याने दोर दोन्ही हातांनी धरला. छत्री गेली. ती धबधब्यावरून उघडीच खाली गेली.

मालन येऊन सासूवर उभी राहिली. चिखल कोपरापर्यंत.

"पाण्याकडं बगू नका. काठ्यांकडं बगा."

तिने हात पुढे केला नाही. तो आला, आपला आपण. गुडघ्यांवर.

दम खाऊन म्हणाला, "वहिनी, सार्वजनिक मालमत्ता आहे ही. मंडळाचं नाव जाईल. तक्रार करावी लागेल मला."

"करा."

"नावानिशी करीन."

"नावच लिवा. मालन गंगाराम. पुढं सगळ्यांची सांगते, मोडक्या हाताची गोदापण घ्या, तिनं दोर धरला होता तोंडात. आणि तारीख लिवा, भावोजी. आषाढातली तारीख घाला त्या कागदावर. तुमच्या वहीत एक तरी असू द्या."

"दादाला काय सांगू मी?"

"एकेचाळीस हात वर झाले होते, त्यातला एक त्यांचा. त्यांना सांगा, माझं रोप अजून सहा कुणग्यांचं राहिलंय, त्याच्याआधी मला कुणाशी बोलायला वेळ नाय."

ती वळली आणि कुणग्यातल्या पाण्यात उतरून ओळीत शिरली. महिपत लेटरपॅडची पिशवी छातीशी धरून सासूवर उभा राहिला. पाऊस वाढला. त्याने खालच्या पुलाचा रस्ता विचारला.

"अकरा किलोमीटर," काशी म्हणाली, मान वर न करता.

तासाभराने तो परत साकवावर चढला. या वेळी काठ्यांकडे बघत.

महिपतचा जन्म १९५४ च्या आषाढात झाला, शेतांपलीकडच्या वाडीत, सुईणीच्या घरी. त्याच्या आईला कळा सुरू झाल्यावर साकवावरून नेलं होतं.