बारीक चौकोन

अंजूनं लॅपटॉपवर चाललेलं गणित थांबवलं. आकडे फुटले होते. पडद्यावर पैनगंगेचं पाणी टेकडीच्या डोक्यावर चढून बसलं होतं.

"काय झालं?" चुलीपाशी बसलेल्या रुपीबाईनं, तिच्या आईनं, विचारलं.

"एका उडीत लय वेळ घेतला, याडी. लहान उड्या घेतो आता."

नदीचा सगळा नकाशा अंजूनं चौकोनांत कापला होता. एकेका चौकोनात पाणी किती आलं, किती गेलं, किती उरलं. तो फरक काढायचा, शेजारच्या चौकोनाकडे सरकायचं आणि सगळे चौकोन झाले की वेळेत एक उडी पुढं घ्यायची. पुण्यात इतकी वर्षं ती हेच शिकली. "पाण्यात पदवी घेतली, अन् पोहता येत नाही," म्हणून तिचा बाप सेवादास तांडाभर तिची थट्टा करत फिरायचा. पोहण्यात पटाईत असलेला तोच सेवादास काठावरची पाण्याची मोटार काढायला गेला आणि पुरात वाहून गेला. बोटवाले शोधून थकले, गेले.

तेव्हा रुपीबाईच लेकीला म्हणाली होती, "तूच म्हणतं ना, पाणी कुठी हरपत नाही? येते तेवढं जाते, नाही तं राहते. मंग तुह्या बापाले दाखव."

अंजूनं मोटारीच्या जागी एक ठिपका ठेवला आणि त्याला पाण्याबरोबर सोडून दिलं.

बाहेर ओट्यावर तांड्याचा नायक देवसिंग चार गडी घेऊन बसला होता. जागा कळली की तिथं शोधायचं. सापडला तर सापडला, नाहीतर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यालाच अग्नी द्यायचा. तोवर रुपीबाईच्या बांगड्यांना कोणी हात लावणार नव्हतं.

या वेळी आकडे टिकले. ठिपका पुलाखालून गेला, वळणावर बाभळीच्या दाटीत शिरला आणि संथ झाला. अंजूला रडू आवरेना. हे आपण शिकलोच नसतो तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

रुपीबाई येऊन शेजारी बसली.

"हा तो?"

"हो."

"थांबला?"

"थांबून राह्यला. घंट्याभरात पक्की जागा निघते."

रुपीबाईनं ठिपक्याकडे बोट नेलं आणि न टेकवताच मागं घेतलं.

"हे चौकोन अजून बारीक होतात का?"

"होतात. निम्मे केले तं आठपट वेळ लागते. दोन-तीन दिवस जातीन."

"कर."

"याडी, जागा तीच येईन. दहा-वीस हात इकडं-तिकडं."

"मालूम हाय मले."

अंजूनं आईकडे पाहिलं. मग चालतं गणित बंद केलं, डोळे पुसले आणि ओट्यावर आली.

"नायककाका, चौकोन मोठे झालते. सारं परत मांडा लागते."

"आता अजून कायले?" एक गडी वैतागून उठला. "कालपासून बसून हावो आम्ही."

देवसिंगनं त्याला हातानंच गप्प केलं. अंजूच्या खांद्यावरून त्यानं आत पाहिलं. रुपीबाई पडद्यासमोर तशीच बसून होती. तो सावकाश उठला, पायात वहाणा सरकवल्या.

"मांड, पोरी," तो म्हणाला. "त्याच्याहून बारीक होत असन, तं तेही कर."