खांद्यावरची बोटं

हातात सदा चिमटा असायचा म्हणून संग्रहालयात सगळे तिला चिमटाताई म्हणत. जुनी चित्रं साफ करणं हे तिचं काम. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका बाईचं तैलचित्र तिच्या टेबलावर आलं, तेव्हा विभागाच्या मॅडमनी आधीच सांगून टाकलं, की ही बाई गर्विष्ठ आहे. ताठ मान आणि तिरकी नजर पाहिली की कळतंच.

चिमटाताईला ते पटेना. चित्रकाराने चेहरा सावकाश, थरावर थर देत रंगवला होता, खालचा ओठ मात्र एकाच फटकाऱ्यात. दाताखाली धरल्यासारखा. तोऱ्यातलं माणूस ओठ कशाला चावेल?

तिसऱ्या दिवशी पिवळट वॉर्निश पुसताना कापसाचा बोळा एकदम तपकिरी झाला. खांद्याजवळचा रंग विरघळत होता. मूळ रंगच निघाला असेल तर नोकरी जाईल ती जाईल, पण चित्र कोण परत आणणार? तिने बोळा बाजूला ठेवला. गुपचूप वरून रंग लावून टाकावा, असंही क्षणभर मनात आलं. मग तिनेच मॅडमना बोलावलं.

मॅडम बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या.

"तपकिरी रंग भेगांत उतरलाय," शेवटी मॅडम म्हणाल्या. "चित्र जुनं झाल्यावर कुणीतरी फासलाय तो. तुझी काही चूक नाही. पुस."

संध्याकाळपर्यंत बाईच्या खांद्यावर चार बोटं उघडी पडली. लहान मुलाची, नखांसकट रंगवलेली. मूल तिच्या मागे उभं होतं, आणि तिची तिरकी नजर त्याच्याकडे होती.

मुलाच्या चेहऱ्यापाशी पोचायला आणखी चार दिवस लागले. रोज सकाळी बोळा उचलताना चिमटाताईला धडकी भरायची. त्याच्या दुसऱ्या दिवशी चेहऱ्याची जागा मोकळी झाली. तिथे नुसता चित्राखाली आधी देतात तो करडा अस्तराचा रंग होता आणि डोळ्यांच्या जागी दोन पुसट खुणा. हात पुरा झाला होता, चेहरा राहून गेला होता.

"मूल चित्रासाठी पुन्हा उभं राहायला आलंच नाही," चिमटाताई हळूच म्हणाली.

मॅडमनी पुन्हा त्या ओठाकडे पाहिलं. "त्याच्यासाठी घाबरलीय गं ती," त्या म्हणाल्या.

अजून थोडा कोपरा पुसायचा राहिला होता. एकटीला धीर होईना, म्हणून चिमटाताईने मॅडमना थांबायची विनंती केली, आणि मॅडम खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसल्या.